बेंझीन मेष्ट्रुंचं खरं नाव

मैसूरच्या अग्रहारात, म्हणजे आपल्या ब्राह्मणआळीत, जाऊन कुणालाही विचार, नरसिंहमूर्तींचं घर कुठलं? कोपऱ्यावरची फुलवाली परडी खाली न ठेवताच म्हणेल, "श्राद्ध आहे का गृहप्रवेश?" कारण तिच्या लेखी नरसिंहमूर्ती एकच. पुरोहित नरसिंहमूर्ती आचार, काखेत पंचांग घालून सायकलवरनं जाणारे. आणि त्याच फुलवालीला विचार, बेंझीन मेष्ट्रुंचं घर? ती परडी ठेवेल, पदर खोचेल आणि दारापर्यंत सोडायला येईल. मेष्ट्रु म्हणजे मास्तर. मैसूरात शिकवणाऱ्याला सगळे तेच म्हणतात. आता गंमत अशी, की बेंझीन मेष्ट्रुंचं नावही नरसिंहमूर्तीच. पण ते फुलवालीला ठाऊक नाही, दूधवाल्याला ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यातले निम्मे वर गेले.

बरं, माणूस कोण? तर जन्मभर नावांचे नियम शिकवणारा. दुसऱ्याला नावं ठेवणारे गल्लीगल्लीत असतात, पण नाव ठेवायचं कसं, त्याचा कायदा काय, हे शिकवून पोट भरणारा अख्ख्या अग्रहारात हा एकटा.

त्याचं मूळ सांगते म्हणजे कळेल. मेष्ट्रुंचे वडील लग्नाकार्यात स्वयंपाक करायचे. नाव कृष्णाचार, पण हाताला अशी चव, की त्यांचं सार प्यायला माणसं पंक्तीत दोनदा बसायची. झालं, नाव पडलं सार किट्टण्णा. मग किट्टण्णा गळालं आणि नुसतं सार उरलं. पंक्तीतनं ओरडायचे, "ए सार, इकडं!" पातेल्याला बोलावतात का माणसाला, ते पातेल्यालाही कळायचं नाही. किट्टण्णा हसत जायचे. लेकाला मात्र ते फार लागायचं. त्यानं मनाशी ठरवलं, शिकायचं, मोठं व्हायचं, आणि लोकांनी आपल्याला आपल्या नावानं हाक मारली पाहिजे.

शिकला की. मानसगंगोत्रीत, म्हणजे मैसूरच्या विद्यापीठात, एम.एस्सी. झाला, केमिस्ट्रीत. कॉलेजात नोकरी लागली. दारावर पितळेची पाटी लावली, एच. के. नरसिंहमूर्ती. आणि मग लग्न ठरलं, बन्नूरच्या तुंगाशी.

लग्नाचा मुहूर्त सकाळचा. पण पोरांची परीक्षा तोंडावर आणि एक धडा अर्धा राहिलेला. नवरदेव म्हणाला, "अर्ध्या तासात येतो," आणि मुंडावळ्या बांधायच्या आधी कॉलेजात गेला. इकडं भटजी घड्याळ बघतायत, मुलगी गौरीहरापाशी बसलीय, आणि मुलीचा मामा मांडवाच्या दारात येऊन विचारतोय, "वर कुठाय हो, वर?" दोन-चार विद्यार्थी जेवायला लवकर येऊन बसले होते. त्यातला एक म्हणाला, "सर येतायत. बेंझीन संपवतायत."

मामा बन्नूरचा, ऊस-भाताचा माणूस. त्याला वाटलं बेंझीन म्हणजे बाटलीतलं काहीतरी. "अय्यो! मुहूर्ताच्या आधी? आणि संपवून येणार म्हणतो, म्हणजे सगळी बाटली?" आतल्या बायकांत कुजबुज, तुंगाच्या डोळ्यांत पाणी. तेवढ्यात नवरदेव धापा टाकत आला, हात कोपरापर्यंत खडूनं पांढरे. मामानं आधी तोंडाचा वास घेतला, मग आत सोडलं. त्या दिवसापासून तो जो बेंझीन झाला तो झालाच. बाप सार, लेक बेंझीन. घराणंच पातळ पदार्थांचं!

आता तू म्हणशील, हे बेंझीन म्हणजे काय ते आपल्याला कसं ठाऊक? अगं, तीस-पस्तीस वर्षं माणूस जगलीवर उभा राहून तेच ओरडून शिकवतो, जगली म्हणजे घरापुढचा कट्टा, तर समोर भाजी निवडणाऱ्या बायकांनाही पाठ होणारच. संध्याकाळची शिकवणी. जगलीची जमीन लाल सिमेंटची, पुसून पुसून आरशासारखी. त्यावर मेष्ट्रु खडूनं मोठं सहा कोपऱ्यांचं कडं काढायचे आणि एकेका कोपऱ्यावर एकेक पोर उभं करायचे.

"हे सहा कार्बन," म्हणायचे. "सहा भाऊ, हातात हात. आता एका बाजूला दोन हात धरलेले, दुसऱ्या बाजूला एक, परत दोन, परत एक, असं पुस्तकात काढलेलं असतं. ते चित्र अर्धं खोटं. मोजायला गेलं तर सहाही बाजू सारख्याच भरतात. तो जादाचा हात कुणा एका जोडीचा नाही, सगळ्या घराचा. म्हणून मधे गोल काढायचा आणि गप्प बसायचं."

मग नावं. कड्याला एक पाहुणा येऊन चिकटला तर कुठल्या कोपऱ्यावर चिकटला ते सांगायचं नाही, कारण कडं फिरवलं की सगळे कोपरे सारखेच. क्लोरीन आला, क्लोरोबेंझीन. नायट्रो आला, नायट्रोबेंझीन. पण काही पाहुणे एवढे मानाचे, की ते आले की घराचंच नाव बदलतं. एकानं केलं फिनॉल, एकानं ॲनिलीन. जावई आल्यावर सासऱ्याच्या घराला जावयाचं नाव पडावं तसं. दोन पाहुणे आले की बघायचं, शेजारी-शेजारी उभे असले तर ऑर्थो, मधे एक घर सोडून असले तर मेटा, समोरासमोर असले तर पॅरा. आणि तिसरा आला की हे सगळं बंद, आकडे लागू. मानाचा पाहुणा एक नंबर, आणि मोजायचं ते अशा बाजूनं, की आकडे लहान आले पाहिजेत. विश्वेश म्हणून एक पोरगा हमखास उलट्या बाजूनं मोजायचा. "दोन पावलांत घर येतंय तर चार पावलं कशाला चालतोस?" असं मेष्ट्रु ओरडले की समोरच्या घरातल्या म्हाताऱ्यासुद्धा दचकायच्या.

त्याच विश्वेशला आणि शरण्याला ते नेहमी ऑर्थो उभं करायचे, शेजारी-शेजारी. पुढं दोघांनी लग्न केलं. पॅराला गगन उभा असायचा, तो समोरून नुसता बघत राहिला. तो आता अमेरिकेत असतो.

एक गोष्ट मात्र अग्रहारच्या बायकांनी मेष्ट्रुंना कधी माफ केली नाही. या सगळ्या कडंवाल्यांना म्हणतात सुवासिक. पहिल्यांदा सापडले त्यांना वास होता म्हणून म्हणाले, पुढं बिनवासाचे सापडले तरी नाव तेच राहिलं. एकदा तुंगाबाईंनी हौसेनं विचारलं, "म्हणजे आपलं चंदनाचं तेल पण त्यातलंच, अल्वा, हो ना?"

"नाही," मेष्ट्रु म्हणाले. "चंदनात जो मुख्य वास आहे, त्यात हे कडं नाही. ते सुवासिकात बसत नाही."

"आणि डांबरगोळी?"

"ती बसते. दोन कडी, मधली भिंत एक. अगदी आपल्या आणि शेजारच्या घरासारखी. आणि डांबरगोळी म्हणू नये, नॅफ्थलीन म्हणावं."

"धन्य तुमची," तुंगाबाई म्हणाल्या. "मैसूरात राहून चंदन सुवासिक नाही आणि डांबरगोळी सुवासिक! उद्या देवापुढं उदबत्तीच्या जागी डांबरगोळी लावते."

नावांच्या बाबतीत माणूस असा कडक. एकदा थालीपिठात ओवा जास्त पडला, तर म्हणाले, "यात जे आहे त्याचं नाव टू-आयसोप्रोपिल-फाइव्ह-मेथिल-फिनॉल." तुंगाबाई म्हणाल्या, "मग उद्या दुकानात तुम्ही जा, आणि हेच मागून आणा." तिकडं परदेशात बसून नावांचे नियम करणारी मोठी माणसंही म्हणतात म्हणे, की रुळलेली जुनी नावं काही काही राहू द्या, टोल्युईन म्हणतात तर म्हणू द्या. मेष्ट्रुंना तेही पटायचं नाही. "मेथिलबेंझीन म्हणा," असं त्यांचं. "नाव म्हणजे पत्ता. बरोबर नाव घेतलं की बरोबर तीच वस्तू हाताशी आली पाहिजे, दुसरी येताच कामा नये." आणि हे शिकवणाऱ्याला सगळं गाव काय म्हणायचं? बेंझीन. पोस्टमन पितळी पाटी वाचायचा, बुचकळ्यात पडायचा, मग आत ओरडून विचारायचा, "बेंझीन मेष्ट्रु, हे एच. के. कोण? तुमच्याकडं भाड्यानं राहतात का?"

हे सगळं चालायचं. माणूस मनात कुढायचा आणि गप्प बसायचा. मग आली पंचाहत्तरी.

विश्वेश आता टकला झालाय, रक्त तपासायची लॅब चालवतो. शरण्या शाळेत शिकवते. दोघांनी मनावर घेतलं, सरांचा सत्कार करायचा. मठाचा हॉल घ्यायचा, शाल घालायची, जुनी पोरं गोळा करायची, सगळ्यांना जेवण. आले घरी पेढे घेऊन आणि फोनवरचं निमंत्रण दाखवलं. सोनेरी अक्षरं, सहा कोपऱ्यांच्या कड्याला हार घातलेला, आणि मधे लिहिलेलं, बेंझीन सरांना पंचाहत्तरीचा नमस्कार.

मेष्ट्रुंनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. "हा कोण?"

"कोण, सर?"

"हा बेंझीन. त्याची पंचाहत्तरी कशी? तो सापडला त्याला दोनशे वर्षं झाली."

"सर, पण सगळे तुम्हाला..."

"सगळ्यांनी एकच चूक केली म्हणजे ती बरोबर होते का? सगळ्या वर्गानं उलट्या बाजूनं मोजलं तेव्हा मी मार्क दिले होते का?"

"नाही, सर," विश्वेश म्हणाला. त्याला ते चांगलं आठवत होतं.

मेष्ट्रुंचा आवाज जरा खाली आला. "हे बघ. माझा बाप सार म्हणून जगला आणि सार म्हणून गेला. मी एवढं शिकलो ते माझं नाव पातेल्यात पडू नये म्हणून. आता पंचाहत्तरीला तरी, एकदा, एकदाच, भिंतीवर माझं नाव लागू दे. बापानं ठेवलेलं. नाहीतर ती शाल घ्या आणि कुणाला घालायची त्याला घाला."

शरण्याला गलबलून आलं. ती कानडी घरातली, मराठी लग्नानंतर शिकलेली. "सर, नक्की सर. तुमचंच नाव घालू. खाली केमिस्ट्री म्हणून लिहू, अल्वा? आणि एक फोटो?"

"फोटो कशाला? चौकात फोटो लागला की लोक हात जोडतात आणि विचारतात, कधी गेले? आणि केमिस्ट्री कशाला? नाव बरोबर असलं की शेपूट लागत नाही. टू-मेथिल-वन-थ्री-फाइव्ह-ट्रायनायट्रोबेंझीन म्हटल्यावर जगात त्या नावानं दुसरं काही निघतं का?"

"नाही, सर. टीएनटीच निघतं. आणि फुटतं."

"मग? नुसतं नाव पुरे."

आत ओट्याशी तुंगाबाईंच्या मनात काहीतरी आलं. अग्रहार काही बाटली नव्हे, इथं एका नावाखाली... पण तेवढ्यात दूध उतू आलं, आणि दूध उतू जाताना कुणाच्या मनात काय राहतंय?

चौकात फलक लागला. अग्रहारचे गुरुवर्य श्री. एच. के. नरसिंहमूर्ती यांचा सत्कार, सर्व शिष्यांनी अगत्य यावं, नंतर भोजन. तेच फोनवरनं सगळीकडं गेलं. मेष्ट्रु दूध आणायच्या निमित्तानं फलक बघून आले. मग कोथिंबीर आणायच्या. मग काहीच आणायचं नव्हतं तरी गेले. तिथं दोन माणसं वर बघत उभी होती. एक म्हणाला, "व्हायलाच पाहिजे सत्कार. फार मोठा माणूस. माझ्या वडिलांचं सगळं यांनीच केलं."

मेष्ट्रुंचा ऊर भरून आला. त्यांना वाटलं, याच्या बापाला आपण शिकवलं असणार. सगळं केलं म्हणजे काय केलं, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिथंच निकाल लागला असता.

रविवारी सकाळी मेष्ट्रु जरीकाठी धोतर आणि कोट घालून, तुंगाबाई कांजीवरम नेसून, रिक्षानं मठात गेले. हॉल जवळजवळ भरलेला! नारळ, केळी, विड्याची पानं, तबकं घेऊन माणसं बसलेली. मेष्ट्रुंनी एकेक चेहरा बघितला. एकही ओळखीचा नाही.

"वय झालं की चेहरे बदलतात," ते बायकोला म्हणाले.

"तो कोपऱ्यातला आजोबा तुमच्यापेक्षा मोठा दिसतो," तुंगाबाई म्हणाल्या. "तो तुमचा विद्यार्थी कसा?"

"नापास होत राहिला असेल."

पण कुणी उठेना, कुणी नमस्कार करेना. दोघं गुपचूप पुढच्या रांगेत जाऊन बसले. मेष्ट्रु वर बघत राहिले. भिंतभर कापड, आणि त्यावर त्यांचं नाव. पूर्ण. एकही अक्षर चुकलेलं नाही. तेवढं बघूनच माणूस तृप्त झाला.

तेवढ्यात बाहेर मोटार थांबली. सगळा हॉल तटकन उभा राहिला. मेष्ट्रुही उठले, कुणीतरी पाहुणे असतील म्हणून. आणि आत आले पुरोहित नरसिंहमूर्ती आचार. नवं रेशमी सोवळं, कपाळावर ठसठशीत मुद्रा, मागं त्यांच्या मंडळी, आणि दोन्ही बाजूंनी लोक वाकून नमस्कार करतायत.

दारातल्या विश्वेशचं तोंड उघडं ते उघडंच. आचार बिचारे सरळ माणूस. ते त्यालाच म्हणाले, "अरे, मला कुणी बोललंच नाही! फुलवालीनं सांगितलं, तुमचं नाव चौकात लागलंय. मी म्हटलं, एच. के. कसं काय, मी तर एन. आर. यजमान म्हणाले, छापणाऱ्यांना काय कळतंय."

आणि कुणी काही करायच्या आत शिष्यांनी त्यांना नेऊन मधल्या खुर्चीत बसवलं. एका उत्साही यजमानानं तबकातली शाल उचलली आणि घातली आचारांच्या खांद्यावर. टाळ्या! शरण्या माइक धरून उभी, तिला ना हसता येईना ना रडता. आचारांची नजर पुढच्या रांगेवर गेली. "अरे, बेंझीन मेष्ट्रु! तुम्ही पण आलात? केवढं बरं वाटलं! या, या, इथं माझ्या शेजारी बसा."

मेष्ट्रु गेले आणि बसले. वर भिंतीवर त्यांचं नाव, खाली त्या नावाच्या बरोब्बर मधोमध आचार, आणि कडेच्या खुर्चीत बेंझीन.

विश्वेश मागून येऊन कानात म्हणाला, "सर, मी आचारांना बाजूला घेऊन सांगतो. शाल परत..."

"गप्प बस. अंगावर घातलेली शाल ओढायची? तीही पुरोहिताच्या? उद्या पितृपक्षात माझ्या घरी कोण येईल?" मग म्हणाले, "आपली पोरं कुठायत?"

विश्वेशनं दोन दिवसांच्या धावपळीत न बघितलेला फोन आता उघडला. मेष्ट्रुंनी त्याच्या हातातला फोन घेतला आणि चष्मा लावला. जुन्या पोरांचा ग्रुप होता. निमंत्रणाखाली कुणी लिहिलं होतं, हे नरसिंहमूर्ती कोण रे? दुसऱ्यानं, विश्वेशच्या घरचे पुरोहित असतील. तिसऱ्यानं, जेवण चांगलं असलं तर सांगा. आणि हरिणीनं, तिला तर त्यांनी एक पैसा न घेता दोन वर्षं शिकवलं होतं, तिनं लिहिलं होतं, आपला काय संबंध?

मेष्ट्रुंनी चष्मा काढला, कोटाच्या टोकानं पुसला, परत लावला. लिहिलेलं तेच होतं.

"यात बोलायचं कसं?" त्यांनी विचारलं.

"हे दाबून धरा, सर, आणि बोला."

ते उठून खांबामागं गेले. दाबून धरलं. खाकरले. "मी एच. के. नरसिंहमूर्ती बोलतोय. मठाच्या हॉलमध्ये माझा सत्कार आहे. यावं." सोडलं. अमेरिकेतून गगनचं उत्तर आलं. तिकडं तेव्हा निजायची वेळ असणार, पण पोरगं जागं होतं. नमस्कार, आपण चुकून या ग्रुपवर आला आहात.

पुढं काय झालं ते विश्वेशनं बघितलं, पण त्यानं नंतर कधी थट्टेत घेतलं नाही. म्हातारा खांबाला टेकून उभा राहिला. एकदा भिंतीवरच्या नावाकडं बघितलं, एकदा आचारांकडं. आचार सगळ्यांना प्रेमानं अक्षता देत होते. मग परत दाबून धरलं आणि एकदम, जगलीवरचा तोच आवाज काढून ओरडले, "मी बेंझीन बोलतोय! मठात आहे! अर्ध्या तासात सगळे कोपरे भरले पाहिजेत!"

फोन जो वाजायला लागला तो थांबेना. सर! सर तुम्ही? अय्यो, सर! कुवेंपुनगरातनं, सरस्वतीपुरातनं स्कूटर निघाल्या, मोटारी निघाल्या. एकजण दाढी अर्धी करून आला. पिरियापट्टणला तंबाखूचं शेत असलेला एकजण, त्याला पोचायला वेळ लागणार, म्हणून तो वाटेवरनंच सारखा सांगत होता, "सुरू करू नका, मी निघालो." हरिणी आली ती रडतच आली, आणि पाया पडताना तिचं कपाळ मेष्ट्रुंच्या गुडघ्यावर आपटलं. हॉलमध्ये आता पाय ठेवायला जागा नाही. इकडं यजमान, तिकडं विद्यार्थी, आणि स्वयंपाकी आत पातेल्यात पाणी वाढवतोय.

"बेंझीन सर! बेंझीन सर!" पोरं ओरडायला लागली. पोरं कसली, कुणाचे गुडघे दुखतायत, कुणाला साखर झालीय.

आता आचारांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी वर कापड वाचलं, मग मेष्ट्रुंकडं बघितलं, आणि त्यांचा चेहरा इतका पडला, की बघवेना. "मेष्ट्रु... तुमचं नाव नरसिंहमूर्ती? इतकी वर्षं मी तुमच्या घरी श्राद्धाला येतो, संकल्पात तुमचं नाव उच्चारतो, आणि माझ्या कधी डोक्यातच आलं नाही!" आणि शाल काढायला लागले.

मेष्ट्रुंनी त्यांचा हात धरला. "राहू दे, आचार. तुम्हालाच शोभते. मला घातली असती तर पोरांनी विचारलं असतं, आत कोण आहे?"

सगळे हसले. पण तुंगाबाई हसल्या नाहीत. त्या पुढच्या रांगेतून बघत होत्या. नवरा हसतोय खरा, पण डोळे सारखे वर कापडाकडं जातायत. एवढी माणसं आली, एवढे पाया पडले, आणि ज्याच्यासाठी सगळा खटाटोप केला ते एकाच्याही तोंडातनं निघालं नाही. त्या उठल्या आणि शरण्याच्या हातातला माइक मागून घेतला. ही बाई जन्मात माइकसमोर उभी राहिलेली नाही.

"काय रे, पोरांनो," त्या म्हणाल्या, "सगळे बेंझीन बेंझीन करताय. यांना नाव आहे."

गलका ऐकून आलेल्या गल्लीतल्या बायका मागून ओरडल्या, "मग तुम्ही घ्या की! तुंगाबाई, घ्या नाव!"

आता तुला ठाऊक आहे, आपल्यातल्या जुन्या बाया नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत. "अहो" म्हणून जन्म काढतात. घ्यायचंच झालं तर उखाण्यात. तुंगाबाईंनी लग्नाच्या पंक्तीत घेतलं असेल तेवढंच. पण त्या दिवशी त्यांनी पदर सारखा केला, मान वर केली, आणि एका दमात म्हणाल्या,

"सहा कोपरे बेंझीनला, सगळे एकसारखे,
नरसिंहमूर्ती माझे, स्वतःच्या नावाला पारखे!"

टाळ्या पडायच्या आत मधल्या खुर्चीतनं मोठ्यानं आवाज आला, "ओ!"

आचार. बिचाऱ्यांना सवय. नाव कानावर पडलं की ओ द्यायची.

त्यांच्या मंडळींनी पदरात तोंड लपवलं. हॉल असा हसला, की वरचं कापड हललं. आचार दोन्ही कान धरून तुंगाबाईंची माफी मागतायत. आणि मेष्ट्रु? मेष्ट्रु टाळ्या वाजवत होते. छान जमला उखाणा म्हणून, आजूबाजूला बघत, सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या कुणाचं तरी नाव घेतल्यासारखे.

मग टाळ्या थांबल्या त्यांच्या. हात तसेच राहिले.

"तुंगा," ते म्हणाले. "ते माझं घेतलंस?"

"मग काय आचारांचं घेऊ?"

"परत घे. एकदा परत घे. मी ओ देतो."

तुंगाबाईंनी माइक शरण्याच्या हातात दिला आणि पदर खांद्यावर घेतला. "परत नाही हं," त्या म्हणाल्या. "एकदा, एकदाच, म्हणाला होतात ना? घेतलं होतं तेव्हा ओ द्यायची होतीत."